निमंत्रणाचा कागद

घरात मंगलकार्य ठरले की छापून आलेल्या पत्रिकांच्या गठ्ठ्यातील पहिली पत्रिका हळदकुंकू लावून कुलदेवतेच्या चरणी ठेवावयाची, ही रीत महाजन घराण्यांत आजही पाळली जाते. अंत्रुज महालापासून दूर मुंबई, बेळगाव, कारवार, इंदूर किंवा बडोदे येथे स्थायिक झालेली कुटुंबे ती पत्रिका टपालाने देवस्थानाकडे धाडतात आणि परतीच्या पाकिटातून कुंकू व निर्माल्याचे फूल येते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेच्या धार्मिक दडपशाहीमुळे तिसवाडी, साष्टी व बारदेश येथील देवांना स्थलांतर करावे लागले. श्री मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, श्री शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, आणि देवांच्या मागे त्यांचे कुळावीही पांगले. पांगलेल्या या माणसांना देवाशी आणि एकमेकांशी जोडून ठेवण्याचे काम ज्या साध्या वस्तूंनी केले, त्यांत कागदाची गणना क्वचितच होते. वस्तुतः ती अग्रक्रमाने व्हावयास हवी.

आपल्या निमंत्रणपद्धतीत कागद हा तसा उशिरा आलेला पाहुणा होय. मूळ निमंत्रण अक्षतांचे. यजमानाने उपाध्यायासह दारोदारी जावे, अक्षता द्याव्या, नारळ ठेवावा, कार्याची तिथी तोंडी सांगावी, आणि सुवासिनींनी सुवासिनींना हळदकुंकू लावून बोलवावे, असा तो क्रम होता. ‘पत्रिका’ या शब्दाच्या पोटात झाडाचे पान दडलेले आहे; पत्र म्हणजे पानच. भूर्जाची साल आणि ताडाचे पान यांवर ग्रंथ लिहिले गेले, पण शेजाऱ्याला जेवावयास बोलाविण्यासाठी कोणी ताडपत्र खर्ची घातले नसावे. ‘कागद’ हा शब्द फारसीतून आला, ‘दस्ता’ही तिकडचाच. चोवीस तावांचा दस्ता आणि वीस दस्त्यांचे रीम, हा हिशेब जुन्या पिढीच्या कारकुनांना तोंडपाठ असे.

कागदाचा शोध चीनमधला. दरबारातील अधिकारी त्साई लुन याने इ. स. १०५ मध्ये झाडाच्या साली, ताग, चिंध्या व मासे धरण्याची जुनी जाळी यांपासून कागद करण्याची रीत सम्राटापुढे मांडली, असे तेथील परंपरा सांगते. आठव्या शतकात ही विद्या समरकंदला पोचली आणि मध्य आशियाच्या वाटेने पुढे हिंदुस्थानात उतरली. काश्मीरचा सुलतान झैनुल आबिदीन याने पंधराव्या शतकात तिला आश्रय दिला. दक्षिणेत दौलताबादेजवळचे कागझीपुरा हे गाव नावावरूनच आपला धंदा सांगते. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीस हलविली तेव्हा दिल्लीकडील कारागीर येथे आले, अशी त्या गावाची समजूत आहे. पुढे जुन्नर व नाशिक येथेही कागदी लोकांच्या वस्त्या झाल्या. पेशवाईच्या दप्तरांत जुन्नरी, दौलताबादी आणि अहमदाबादी या कागदांची नावे आढळतात, आणि कोणता कागद कोणत्या कामास घ्यावा, याचे तारतम्य त्या काळच्या लेखकांना चांगलेच होते.

हा कागद कसा होई, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण ती कृती पाहणारे आता विरळ झाले आहेत. जुने दोरखंड, तागाच्या गोणपाटाचे तुकडे आणि चिंध्या हा कच्चा माल. तो कुऱ्हाडीने बारीक तोडावयाचा, पाण्यात भिजवावयाचा, आणि मग पायाने चालविण्याच्या जड लाकडी ढेकीखाली तासन् तास कांडावयाचा. कांडलेला लगदा चुन्याच्या निवळीत मुरवीत ठेवून नदीवर नेऊन धूत. चुना, कांडण आणि धुणे यांची आवर्तने लगदा पांढरा व मऊ होईपर्यंत चालत. त्यात दिवसच्या दिवस जात. नंतर जमिनीत बांधलेल्या हौदात तो लगदा पाण्याबरोबर कालवीत. कारागीर हौदाच्या काठाशी बसून, गवताच्या बारीक काड्यांची चटई ताणलेली लाकडी चौकट पाण्यात बुडवी, आडवी उचली आणि हलक्या हाताने हलवी. पाणी गळून जाई आणि चटईवर सायीसारखा एक थर उरे. तोच ताव. तावावर ताव रचून दाबाखाली पाणी काढले की एकेक ताव सोडवून गिलावा केलेल्या भिंतीवर चिकटवून वाळवीत.

वाळलेला ताव शाई पिऊन टाकी. म्हणून त्याला तांदळाची खळ लावीत, पुन्हा वाळवीत, आणि शेवटी लाकडाच्या गुळगुळीत फळीवर ठेवून अकीकाच्या दगडाने किंवा शंखाने घोटीत. या घोटण्यानेच कागदाला ती मंद झळाळी येई आणि बोरूची लेखणी त्यावर न अडखळता धावे. ‘घोटीव कागद’ हा शब्द येथून आला. एका तावावर किती हात फिरत, हे ध्यानी घेतले म्हणजे जुन्या पत्रांतील मजकूर समास राखूनही इतका दाटीने का लिहिलेला असतो आणि जुन्या पत्राची कोरी बाजू पुन्हा हिशेबासाठी का वापरलेली असते, ते उमगते.

हा धंदा बुडाला तो काही कारागिरांच्या आळसाने नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर चार्ल्स वुड भारतमंत्री असताना हिंदुस्थान सरकारने आपला कागद विलायतेतून घ्यावा, असा हुकूम निघाला आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईकच हातचे गेले. तुरुंगांतून कैद्यांकडून कागद करवून घेतला जाई. ज्याची मजुरीच द्यावयाची नाही, त्या मालाशी जुन्नरच्या कागद्याने स्पर्धा कशी करावी? १८८० च्या दशकात पुण्याजवळ मुंढव्यास गिरणी निघाली, आणि बंगालमध्ये टिटागढची गिरणीही त्याच सुमारास सुरू झाली. कागदी घराणी शेतीकडे वा अन्य मजुरीकडे वळली. १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने या विद्येस पुन्हा हात दिला. वर्ध्यास मगनवाडीत प्रयोग झाले आणि १९४० मध्ये के. बी. जोशी यांच्या खटपटीतून पुण्यास हातकागद संस्था उभी राहिली. लग्नपत्रिका, भेटकार्डे आणि मानपत्रे यांसाठी जाडसर, खरबरीत काठाचा जो कागद पुढे आवर्जून मागितला जाऊ लागला, त्याची वाट या संस्थेने मोकळी केली. सरकारी दप्तराने सोडून दिलेल्या कारागिरीला मंगलकार्याने पुन्हा दारात घेतले, असे म्हणावयास हरकत नाही.

गोमंतकाची कथा मात्र निराळी. हिंदुस्थानातील पहिले मुद्रणयंत्र १५५६ मध्ये गोव्यात उतरले. ते निघाले होते हबसाणाला जाण्यासाठी, पण येथेच राहिले आणि सेंट पॉल कॉलेजात चालू झाले. फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, तेही रोमन अक्षरांत. सतराव्या शतकाच्या अखेरीस येथील छपाई थंडावली, ती १८२१ मध्ये सरकारी गॅझेट निघेपर्यंत. म्हणजे ज्या भूमीवर मुद्रणाचा आरंभ झाला, तेथील देवस्थानांना आपली जत्रेची आमंत्रणे पुढे कितीतरी पिढ्या हातानेच लिहावी लागली. इतिहासाची ही थट्टा बोचरी आहे.

मराठी मुद्रणाचा लौकिक मुंबईने वाढविला. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ च्या सुमारास शिळाछापावर मराठी छपाई सुरू केली. शाईत चरबी असते म्हणून छापील पोथीला सोवळ्यात हात लावावयास सनातनी मंडळी तयार नसत. गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरून हा आक्षेप मिटविला. आज ही गोष्ट हसण्यावारी नेली जाईल, पण छापील पंचांग आणि छापील पत्रिका देवघरापर्यंत पोचली ती या तुपाच्या शाईमुळे, हे विसरता कामा नये. एकदा छापणे शास्त्रसंमत ठरल्यावर लग्नपत्रिकेचा साचाही बनत गेला. माथ्यावर गणपती, त्याखाली ‘श्रीकुलदेवता प्रसन्न’, मग मिती, वार, घटका, यजमानाचे नाव व गाव, आणि अखेरीस अगत्याने येण्याची विनंती. चारी कोपऱ्यांना कुंकवाची बोटे मात्र हातानेच लागत. छापील मजकुराने अक्षतांना पुष्कळ वर्षे हटविले नाही. निदान सख्ख्या आणि व्याही मंडळींना पत्रिका टपालाने धाडणे हा उपमर्दच मानला जाई. पत्रिका ही अक्षतांसोबत जाई, अक्षतांच्या ऐवजी नव्हे.

टपालाने हा समज हळूहळू बदलला. हिंदुस्थानात १८५४ मध्ये अंतर न पाहता अर्ध्या आण्यात पत्र पोचविण्याची सोय झाली आणि १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. पोर्तुगीज हिंदुस्थानची स्वतःची तिकिटे १८७१ पासूनची. मुंबईस नोकरीसाठी गेलेला गोमंतकीय आता पैशाच्या कार्डावर चवथीला येणार की नाही, ते कळवू लागला.

सणाला छापील भेटकार्ड धाडण्याची चाल इंग्लंडातून आली आणि तिचा उगम टपालाच्या स्वस्ताईतच आहे. तेथे १८४० मध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागले. त्या योजनेत राबलेले सरकारी अधिकारी हेन्री कोल यांच्याकडे नाताळाला इतकी पत्रे येऊ लागली की प्रत्येकाला उत्तर लिहिणे त्यांना अशक्य झाले. १८४३ मध्ये त्यांनी चित्रकार जॉन कॉलकॉट हॉर्स्ली यांजकडून एक चित्र काढवून घेतले आणि त्याच्या सुमारे १००० प्रती छापविल्या. मध्यभागी मेजवानीस बसलेले कुटुंब आणि दोन बाजूंस गरिबांना अन्न व वस्त्र देण्याचे देखावे, अशी त्याची मांडणी होती. चित्रातील लहान मुलाच्या ओठाला मद्याचा पेला लावलेला पाहून दारूबंदीवाल्यांनी गिल्ला केला. उरलेली कार्डे एका शिलिंगास एक अशी विकली गेली. सामान्य माणसाच्या दृष्टीने ही किंमत भारीच. म्हणजे पहिले भेटकार्ड जन्मले ते प्रेमाच्या भरतीने नव्हे, तर उत्तरे लिहिण्याच्या कंटाळ्याने! तरीही पुढे त्याच्या निमित्ताने घरोघरी कागदी जाळ्या, फुले आणि रंगीत चित्रे कापून चिकटविण्याचा छंद बोकाळला, हेही नमूद केले पाहिजे.

आपल्याकडे या चालीने देशी वेष घेतला तो संक्रांतीला आणि दसऱ्याला. तिळगुळाची चिमूटभर पुडी आणि ‘गोड बोला’ असे सांगणारे छोटे कार्ड एका पाकिटात घालून धाडण्याची पद्धत विसाव्या शतकात मराठी घरांत सर्वत्र रुळली. दसऱ्याच्या कार्डावर आपट्याचे पान छापलेले असे. पाकीट टपालाच्या शिक्क्याखाली आले की हलव्याचे दाणे चुरडत आणि कागदावर साखरेचे डाग उमटत. डाग पडलेले ते कार्ड तरीही आरशाच्या चौकटीत महिनोन्महिने खोवलेले राही. ज्या गृहिणी स्वतः कार्डे करीत, त्या जाड कागदाची घडी घालून वर रेशमाच्या धाग्याने किंवा टिकल्यांनी नक्षी काढीत. विकतच्या कार्डात कवितेच्या चार ओळी असत, घरच्या कार्डात खबर असे. दोहोंत कोणते जपून ठेवले गेले, हे जुन्या ट्रंका उघडल्या की समजते.

कागदावरील या घरगुती कलेचा सर्वांत देखणा आविष्कार राजा रविवर्म्यांच्या चित्रांवर झाला. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात निघाला आणि १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला घरोघरी पोचल्या. पण स्त्रियांना नुसते छापील चित्र पुरेसे वाटले नाही. त्यांनी देवीच्या पातळावर खरे रेशमी कापड बेतून चिकटविले, काठाला जर लावली, दागिन्यांवर मणी आणि टिकल्या बसविल्या आणि मग चित्र काचेत घातले. हजारांनी छापलेले चित्र अशा रीतीने एकाच घरचे झाले. कलासमीक्षक यास काय म्हणतील ते म्हणोत. संग्राहक मात्र अशी सजविलेली चित्रे आज आवर्जून शोधतात. तो छापखाना १९७२ मध्ये आगीत नष्ट झाला.

सणाच्या कागदाचे दुसरे अंग म्हणजे आकाशकंदील. कार्तिकात उंच काठीवर आकाशदीप लावावा, असे धर्मशास्त्राचे निबंधग्रंथ सांगतात. त्या दिव्याला कागदाचे घर पुढे मिळाले. बांबूच्या कामट्या तासून सांगाडा बांधणे, पतंगाचा पातळ कागद खळीने ताणून चिकटविणे, कडांना करंज्या आणि खाली झिरमिळ्या सोडणे हे काम घरातील पोरांचे. खळ पातळ झाली तर कागद सुटतो, दाट झाली तर वाळताना सुरकुत्या पडतात. हे शहाणपण कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. गोव्यातील देवळांच्या प्रांगणांत दिवाळीला कंदिलांच्या स्पर्धा भरतात. त्याच कामट्या आणि तोच कागद नरकासुराच्या प्रतिमेसही लागतो, आणि चतुर्दशीच्या पहाटे ती जाळली जाते. नवरात्रातील मखरोत्सवात देवाला झुलविणाऱ्या मखराची सजावट पाहण्यास गावोगावचे लोक लोटतात. त्या सजावटीत फुलांबरोबर रंगीत कागदाची आणि बेगडाची कातरकामे असत. गोव्यात काही घराण्यांत मातीच्या मूर्तीऐवजी कागदावर रेखलेल्या गणपतीचीच पूजा होते. इन्क्विझिशनच्या काळात, आणि विशेषतः हिंदू चालीरीतींवर १७३६ च्या हुकुमाने कडक बंदी आली तेव्हा, जो गणपती घडी घालून क्षणात लपविता येईल तोच पूजणे शक्य होते, असे या घराण्यांतून सांगितले जाते. कागदाचे असे उपकार सांगणारी दुसरी परंपरा क्वचितच सापडेल.

नाताळाच्या दिवसांत ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरावर लागणारे कागदी नक्षत्र हेही बांबूच्या कामट्यांचेच. त्या वेळी तिकडून ‘कोंसवाद’ म्हणजे गोडधोडाचे तबक येते आणि दिवाळीला इकडून फोव जातात.

गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या सावंतवाडीची गंजिफा येथे वगळता येणार नाही. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील आपल्या मित्राला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. तेथून हा खेळ दक्षिणेपर्यंत आला आणि आपल्याकडे दशावतारी झाला. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२० गोल पाने. थरावर थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, घोटून, त्यांवर चितारी मंडळी बारीक कुंचल्याने मत्स्य-कूर्म रंगवीत आणि वरून लाखेचा लेप देत. पाहुण्यांनी भरलेल्या घरात रात्र जागविण्यास यापेक्षा सात्त्विक साधन दुसरे नव्हते. खेळताना देवाचे नाव आपोआप तोंडी येई. विलायती पत्ते आले आणि ही कला इतकी मागे पडली की विसाव्या शतकाच्या मध्यास ती जाणणारे पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कारागीर तेवढे उरले होते. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती विद्या शिकून घेतली, राजवाड्यात तरुणांना शिकविली आणि लाखकामाचा कारखाना काढला. खेळणारे मात्र परतले नाहीत. चितारी जगले ते त्याच शैलीत रंगविलेल्या शोभेच्या वस्तूंवर आणि भेटकार्डांवर.

आता प्रश्न आहे तो साठलेल्या कागदाचा. ज्या महाजन घराण्यांकडे जुनी दप्तरे आहेत, त्यांना एक विचित्र अनुभव येतो. अठराव्या शतकातील मोडी पत्र अजून लवचिक असते आणि त्याची शाई काल लिहिल्यासारखी काळीभोर असते. उलट १९२० च्या सुमाराची छापील लग्नपत्रिका घडीवर मोडते आणि तिच्या कडा तपकिरी होऊन गळतात. याचे कारण रासायनिक आहे. जुन्या कागदाचे तंतू तागाचे व कापसाचे, लांब आणि चुन्यात मुरलेले; त्यांत आम्ल नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर गिरण्यांनी लाकडाचा लगदा वापरला आणि शाई पसरू नये म्हणून तुरटी व राळ यांचा लेप दिला. ते आम्ल कागदाला आतून खाते, आणि गोव्याचा दमट पावसाळा त्याला साहाय्य करतो. काळाच्या मानाने जवळचे तेच आधी नाहीसे होत आहे.

या नाजूक पत्रिकांचे महत्त्व थोडेथोडके नाही. यजमानाचे पूर्ण नाव, मूळ गाव, तेव्हाचे वास्तव्य, आजोबा-पणजोबांचे नाव आणि कोणत्या देवस्थानाचे कुळावी, ही सर्व माहिती एका पानावर असते. महाजनांची नोंद ठेवण्याचे नियम पोर्तुगीज सरकारने १८८६ मध्ये आणि पुन्हा १९३३ मध्ये केले. त्या नोंदवहीतील एखादे नाव जुळविताना जुनी पत्रिका वंशावळीइतकीच उपयोगी पडते. स्थलांतरामुळे ज्या शाखांचा संबंध तुटला, त्यांचा धागा पुष्कळदा पत्रिकेच्या तळाशी छापलेल्या निमंत्रकांच्या नावांतच लागतो.

त्या जपण्याची रीत सोपी आहे. टाचण्या आणि सुया काढून टाकाव्या, कारण त्यांचा गंज कागदाला भोक पाडतो. फाटलेल्या जागी चिकटपट्टी कदापि लावू नये. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून अक्षरे घेऊन जातो. प्लास्टिकमध्ये कायमचे बंद करण्याचा मोहही टाळावा. प्रत्येक पत्रिका उघडून, सपाट करून, आम्लरहित कागदाच्या दोन तावांमध्ये ठेवावी. चिंध्यांच्या लगद्याचा, तुरटी न घातलेला हातकागदही त्यास उत्तम. पेटी जमिनीपासून उंच, भिंतीपासून दूर असावी आणि पावसाळा सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या साफसफाईत, ती एकदा सावलीत उघडून वारा द्यावा. उन्हात मात्र ठेवू नये.